अर्धा चेहरा उजेडात

छायाचित्र काढून घ्यायला येणारी माणसे हल्ली मोबाइलमध्ये एखादे चित्र साठवून आणतात आणि ते पुढे धरून सांगतात, ‘असा मूडी फोटो हवा.’ त्या चित्रांत बहुधा काळीभोर पार्श्वभूमी असते, एकाच बाजूने पडलेला उजेड असतो, मान किंचित झुकलेली असते, पापण्या जड असतात आणि ओठांवर हसू नसते. या मागणीत मला गैर काहीच वाटत नाही. चेहऱ्याच्या काही भागावर सावली राहिली की तो अधिक खोल आणि अधिक देखणा दिसतो, हे चित्रकारांना कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रेम्ब्रांटने रंगवलेल्या काही चेहऱ्यांत सावलीकडच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटलेला दिसतो, आणि स्टुडिओतली दिव्यांची तशी मांडणी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. अडचण निराळीच आहे. साठवून आणलेले ते चित्र दुसऱ्या कोणाच्या तरी गालफडांसाठी आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी बेतलेले असते. तेच जसेच्या तसे आपल्या चेहऱ्यावर चढवले की सावली भलत्याच जागी पडते. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे समोर बसलेल्या त्या एका माणसाकडे बघून ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यात त्या माणसाचाही हात असावा लागतो, असे मी इतकी वर्षे हे काम करताना मानत आले आहे.

नाशिकमध्ये राहून हे शिकणे सोपे जाते, असे मला मनापासून वाटते. जुन्या नाशकातल्या वाड्यांची रचनाच अशी आहे की उजेड आत येतो तो टप्प्याटप्प्याने. चौकात तो भरपूर असतो, ओसरीवर मवाळ होतो, सोप्यात आणखी उतरतो आणि माजघराच्या उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत त्याची एक पातळ पट्टी तेवढी उरते. माणसाला चौकातून माजघराकडे एकेक पाऊल मागे सरकत नेले, तर त्याच्या चेहऱ्यावर काय काय बदलत जाते हे कोणत्याही पुस्तकाशिवाय दिसते. हाच धडा पांडवलेण्यांतही मिळतो. तिसऱ्या क्रमांकाच्या विहारात उजेड समोरच्या बाजूनेच येतो, आणि दाराजवळ उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा लख्ख दिसत असतानाच मागच्या भिंतीशी उभा असलेला माणूस नुसत्या आकारापुरता उरतो. छायाचित्रण शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी कॅमेरा न घेता तिथे नेते आणि एकमेकांच्या चेहऱ्यांकडे बघायला सांगते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करत होते. विजेचे दिवे रुळण्यापूर्वीचा छायाचित्रकार खिडकी, काचेचे छप्पर आणि पांढरे पडदे यांच्याच भरवशावर चेहरे घडवत असे. वाड्याच्या ओसरीत जे मिळते ते याच घराण्यातले आहे.

ऋतूचाही हिशेब असतो. मकर संक्रांतीच्या सुमारास नाशिकमध्ये मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात चौकाच्या मधोमध पडणारे ऊन हिवाळ्यात तिरपे होऊन उत्तरेकडच्या ओसरीवर चढते, फरशीवर आपटून वर उसळते आणि खोलीत दूरवर शिरते. एरवी काळोखी वाटणारी माजघरे पौषात काही तास छायाचित्राला योग्य होतात. म्हणून माझ्याकडे कोणी सावलीतले छायाचित्र मागितले आणि त्यांना थांबता येण्याजोगे असले, तर मी जानेवारीचा महिना सुचवते.

गेल्या जानेवारीत अशाच एक बाई आल्या. त्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात, पन्नाशी ओलांडलेली आहे. ‘लग्नाच्या अल्बमनंतर माझा एकटीचा असा फोटो कोणी काढलेला नाही,’ त्या म्हणाल्या, ‘चांगला नटून काढायचा आहे. पण मला हसायला सांगू नका.’ मला ही मागणी फार आवडली. ग्लॅमर हे विशीतल्या, सडपातळ, गोऱ्या मुलींच्या वाट्याचे असते, असा समज आपल्याकडे इतका घट्ट बसला आहे की पन्नाशीतल्या बाईने स्वतःसाठी तसे काही मागितले की घरचेच लोक ‘आता कशाला’ म्हणतात. खरे तर सावलीत काढलेल्या छायाचित्राला वयाचा चेहराच अधिक मानवतो. हाडे स्पष्ट झालेली असतात, डोळ्यांभोवती काही घडलेले असते, आणि माणसाला आपली नजर कुठे ठेवायची हे कळलेले असते. जागा म्हणून त्यांनी आपले आजोळ सुचवले. जुन्या नाशकातल्या त्या वाड्याचा मागचा भाग आता उतरवला आहे, पण पुढचा चौक, ओसरी आणि दोन खोल्या शाबूत आहेत आणि तिथे त्यांच्या मामी राहतात.

कपड्यांपासून सुरुवात झाली. मॅडमनी पिशवीतून तीन लुगडी काढली, त्यांतली पहिली अर्थातच येवल्याची पैठणी. पैठणीच्या सौंदर्याविषयी नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने वेगळे काय सांगावे. पण अंधुक उजेडातल्या व्यक्तिचित्रात तिची जर अडचणीची ठरते. एकाच बाजूने उजेड येत असला की जर त्याला आरशासारखी परतवते, पदरावरचे मोर चेहऱ्याहून अधिक चमकतात, आणि पाहणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. दुसरी साडी निळ्या रेशमाची होती. तिसरी बारीक काठाची काळी चंद्रकळा होती. संक्रांतीला काळे नेसण्याची आपली रीत, आणि त्यासाठी घेतलेली ती साडी कित्येक वर्षे वापरात असल्याने मऊ झाली होती. काळे, फारसे चमकदार नसलेले कापड उजेड पिऊन टाकते. खांद्याची कड पार्श्वभूमीत विरून जाते, शरीराचा आकार सुचवला जातो पण रेखला जात नाही, आणि चौकटीत उजळ असे चेहरा आणि हात एवढेच उरतात. मी चंद्रकळेवर बोट ठेवले. मॅडमना पैठणी सोडवत नव्हती, म्हणून दोन्ही खांद्यावर टाकून आरशात नव्हे, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्यांना दाखवल्या. आरशासमोर आपण दिवा लावून उभे राहतो. कॅमेरा मात्र जिथे बसायचे तिथलाच उजेड दाखवतो. त्यांनी स्वतःच पैठणी घडी करून ठेवली.

दागिन्यांत मी हट्टी आहे. सावलीच्या छायाचित्रात एकच दागिना असावा, आणि तोही उजेडाच्या वाटेवर असावा. मामींनी कपाटातून नथ, ठुशी, तन्मणी असे सगळे बाहेर काढून ठेवले होते. बाजूच्या उजेडात नथीची सावली वरच्या ओठावर पडते आणि ओठाची रेघ तुटते. समोरून उजेड असला तर हीच नथ शोभून दिसते. तन्मण्याचे मोती देखणे, पण चंद्रकळेवर पांढऱ्या ठिपक्यांची ती रांग फार ठसठशीत झाली असती. ठुशी गळ्याला लागून बसते, तिच्या बारीक मण्यांवर उजेड तुटक तुटक सांडतो आणि काळ्या ब्लाउजच्या वर गळ्याची गोलाई कुठे आहे ते सांगतो. ठुशी ठेवली, बाकीचे परत गेले. कपाळावर चंद्रकोर, केसांचा सैल अंबाडा, कपाळ आणि नाकाच्या कडांवर थोडी पावडर. गालाच्या हाडावर मात्र पावडर लावू दिली नाही, कारण तिथली नैसर्गिक चमकच पुढे उपयोगी पडणार होती. काजळ पातळ ठेवायला सांगितले. सावलीकडच्या डोळ्यात गडद काजळ घातले की तो डोळा खड्ड्यासारखा काळा होतो.

इथे थोडे विषयांतर करून संक्रांतीच्या दुसऱ्या एका छायाचित्राविषयी लिहावेसे वाटते, कारण ते आपल्याकडे घरोघरी काढले जाते आणि बहुतेकदा वाया जाते. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालतात. हलवा करणे हे हाताचे काम आहे: मंद आचेवर खसखस, तीळ किंवा साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडत बोटांनी फिरवत राहावे लागते, तेव्हा कुठे दाण्यावर काटा येतो. तो काटा हीच त्या दागिन्याची शोभा. आणि आपण काय करतो, तर मुलीला पांढऱ्या भिंतीसमोर किंवा पतंगांच्या सजावटीसमोर उभी करून समोरून फ्लॅश मारतो, त्यामुळे सगळे काटे सपाट होऊन पांढरे ठोकळे दिसतात. तिलाच जर खिडकीला काटकोनात बसवली, खोलीतले दिवे बंद केले आणि कॅमेऱ्याचे एक्स्पोजर पांढरा दाणा फटफटीत होणार नाही इतके खाली आणले, तर प्रत्येक काट्याला स्वतःची सावली मिळते, काळी साडी खरोखर काळी उतरते आणि त्या दोहोंच्या मध्ये तिच्या त्वचेचा रंग जसा आहे तसा येतो. याला महागडा कॅमेराही लागत नाही.

वाड्यात आम्ही ओसरी आणि आतली खोली यांच्यामधल्या दाराजवळ बसायचे ठरवले. चौकातला उजेड डावीकडून येत होता. मामी दारात येऊन म्हणाल्या, ‘अगं, ट्यूब लावू का? अंधारात काय दिसणार तुमचं?’ ट्यूबलाइटचा रंग चौकातल्या उजेडाच्या रंगाशी जुळत नाही आणि दोन रंगांचे उजेड एका चेहऱ्यावर पडले की त्वचा अर्धी हिरवट दिसते, म्हणून ट्यूब बंदच ठेवली. पण मामींच्याच घरातली एक वस्तू फार कामी आली. समोरची भिंत चुन्याने रंगवलेली होती आणि चौकातला उजेड तिच्यावरून परतून मॅडमच्या सावलीकडच्या गालावर येत होता, त्यामुळे सावली हवी तितकी धरत नव्हती. मामींची काळी घोंगडी त्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगली आणि तो गाल एकदम खोल गेला. स्टुडिओत याच कामाला काळे कापड किंवा काळा फोम बोर्ड वापरतात. नवशिके लोक सावली हवी म्हणून दिवा कमी करत बसतात; सावली बहुतेक वेळा भिंतींनी परत पाठवलेल्या उजेडामुळे मरते, आणि तो उजेड अडवणे हेच खरे काम असते.

पार्श्वभूमी काळी करायलाही काळा पडदा लागतोच असे नाही. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. चेहरा दिव्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून ३ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड मिळतो, म्हणजे फरक तीन स्टॉपहून थोडा अधिक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे), आणि साधी राखाडी भिंतही छायाचित्रात जवळजवळ काळी उतरते. दारा-खिडकीतून येणारा उजेड इतक्या वेगाने घटत नाही, पण दाराच्या अगदी जवळ बसवले की तोही परिणाम बऱ्यापैकी मिळतो. कॅमेऱ्याला मात्र हे समजवावे लागते. त्यातला मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे चंद्रकळा आणि अंधारी खोली दिसली की तो सगळेच उजळवू पाहतो आणि काळ्याचा राखाडी चिखल होतो. मी स्पॉट मीटरने फक्त उजळलेला गाल मोजते आणि बाकीचे जिथे पडायचे तिथे पडू देते. ८५ मिलिमीटरची लेन्स होती. २ मीटर अंतरावरून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच मोठे ठेवले तर, जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. चेहरा थोडा वळलेला असला की एक डोळा धूसर होण्याची खात्रीच. एफ २.८ ला ती खोली ९ सेंटिमीटरच्या घरात जाते. मी तिथेच थांबले.

आता बसण्याविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवायला हवा आणि सगळ्यात कमी वेळ तिथेच घालवला जातो. पाठ असलेली खुर्ची मी घेत नाही. माणूस मागे टेकला की खांदे चढतात आणि मान आखडते. मॅडमना लाकडी स्टुलाच्या पुढच्या कडेवर बसवले, धड दारापासून थोडे दूर वळवले आणि चेहरा मात्र पुन्हा दाराकडे आणायला सांगितला. अशा वळणाने मानेत एक लांब रेघ तयार होते. उजेड चेहऱ्याच्या कॅमेऱ्यापासून दूरच्या बाजूवर पडतो आणि कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत राहते; भरलेला चेहरा त्यामुळे निमुळता आणि गंभीर दिसतो. हेच उलट करून कॅमेऱ्याकडचा गाल उजळवला तर चेहरा रुंद होतो, आणि एखाद्या कृश माणसासाठी तेच योग्य असते. मग हनुवटी. ती वर करा म्हटले तर नाकपुड्या दिसतात, खाली करा म्हटले तर गळ्याला वळी पडते. म्हणून मी सांगते की कासवासारखी मान आधी पुढे काढा आणि मग किंचित खाली घ्या. हे करताना माणसाला अवघडल्यासारखे होते, पण जबड्याची कड तेवढ्याने स्पष्ट होते.

दूरच्या गालाची कड आणि नाकाचे टोक यांच्यात थोडी तरी त्वचा दिसली पाहिजे. नाकाने गालाची रेघ ओलांडली की चेहरा एकदम विचित्र दिसू लागतो, आणि मोहक वळणाच्या नादात हे फार वेळा घडते. नजर नाकाच्या दिशेच्या फार पलीकडे नेली तर डोळ्यांचा पांढरा भागच उरतो. आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका हवा. घड्याळात दहा वाजल्याच्या जागी तो आला की डोळा जिवंत होतो, आणि तो नसला तर बाकीचे सगळे साधूनही छायाचित्र निर्जीव राहते. मॅडमना मी दाराच्या कोयंड्याकडे बघायला सांगितले.

जड पापण्या, अर्धवट उघडे ओठ असले काही मी त्यांच्याकडून करवून घेतले नाही. ती मुद्रा कोणाला शोभते आणि कोणाला नाही हा एक भाग झाला. पण ती मुद्रा पाहणाऱ्याला काही देऊ करते, आणि मॅडमना पाहणाऱ्याला काहीच देऊ करायचे नव्हते. त्या वर्गात प्रयोग सुरू असताना बघतात तसे बघा, एवढे म्हटले आणि खालची पापणी आपोआप थोडी वर आली, भुवयांमधला ताण गेला, ओठ मिटले पण दाबले गेले नाहीत. मला हवा असलेला मूड हाच होता आणि तो त्यांच्याकडे आधीपासूनच होता.

हात फार कठीण. चेहरा सांभाळता आला तरी हात माणसाला उघडे पाडतात. हाताचा पंजा पसरट दिसू नये म्हणून करंगळीची कड कॅमेऱ्याकडे ठेवायची, मनगटात थोडा बाक ठेवायचा, बोटे एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत, हे नियम खरे आहेत आणि ते मी सांगितलेही. पण सांगितल्यावर त्यांचा हात लाकडासारखा झाला. तेव्हा मी त्यांना ठुशी गळ्यावर नीट बसवायला सांगितली. त्यांनी उजवा हात वर नेला, तर्जनी आणि मधल्या बोटाने ठुशीची कड चाचपली, मणी जरासे डावीकडे सरकवले आणि हात खाली आणायच्या आधी क्षणभर तिथेच राहिला. तर्जनीच्या पेराजवळ कातडीवर एक जुना, फिकट, गुळगुळीत डाग होता. ‘नायट्रिक अॅसिड,’ त्या म्हणाल्या, ‘एम.एस्सी.ला असतानाचा.’ नखे आखूड कापलेली, रंग न लावलेली. बोटाचे टोक मण्याला टेकले होते, दाबले नव्हते. तेवढ्या स्पर्शाने बोटाच्या खाली गळ्यावर एक बारीकशी सावली पडली होती आणि मण्यांची चमक डागापर्यंत येऊन थांबत होती. तीच हालचाल त्यांनी पुन्हा पुन्हा केली आणि मी हात पोहोचण्याच्या जरा आधी व जरा नंतर बटण दाबत राहिले. कृतीच्या मधला हात ठेवलेल्या हातापेक्षा नेहमीच खरा दिसतो.

तो डाग काढायचा का, हा प्रश्न नंतर संगणकासमोर आलाच. छायाचित्र सुधारणे हा प्रकार काही आजचा नाही. हॉलिवूडच्या ग्लॅमर छायाचित्रांचा ज्याने पाया घातला त्या जॉर्ज हरेलने १९३० साली एमजीएम स्टुडिओत काम सुरू केले तेव्हा तो आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर चित्रे काढत असे. जोन क्रॉफर्डला त्याने चेहऱ्याला काही न लावता बसवले, कारण उघड्या त्वचेवर उजेड जसा चमकतो तसा रंगाच्या थरावर चमकत नाही. आणि मग तिच्या चेहऱ्यावरचे वांगाचे ठिपके निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून नाहीसे केले गेले. त्यामुळे सुधारणा करणे हेच पाप आहे, असे मी म्हणणार नाही. त्या दिवसापुरती आलेली पुटकुळी, कपाळावर चिकटलेला केस, ब्लाउजवर लागलेली पावडर मी काढते. उजेड जिथे पडला आहे तिथे तो थोडा वाढवते, सावली जिथे आहे तिथे ती थोडी खोल करते. पण माणसाबरोबर कायम राहणाऱ्या खुणा त्याला विचारल्याशिवाय पुसत नाही, आणि त्वचेचे पोत गुळगुळीत करणारे तयार फिल्टर वापरत नाही, कारण बाजूच्या उजेडाने जे उभे केले तेच ते झोपवून टाकतात. मॅडमनी डाग ठेवायला सांगितला.

एका बाबतीत मात्र मी विचारूनही ऐकत नाही, आणि ती म्हणजे ‘जरा गोरं करा’ ही विनंती. लग्नाच्या छायाचित्रांत तर ती हटकून येते, कधी मुलीकडून, बहुधा तिच्या आईकडून. सावळी त्वचा सावलीच्या छायाचित्राचे वरदान आहे. पांढऱ्याफटक त्वचेवर उजेड पसरून जातो. सावळ्या त्वचेवर तो कपाळ, गालाचे हाड, नाकाचा दांडा, खालचा ओठ अशा ठिकाणी एकवटतो आणि चेहऱ्याची घडण कोरल्यासारखी पुढे येते. ज्याने काळारामाच्या मंदिरात काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर उजेड कसा थांबतो हे नीट पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तो रंग संगणकात उजळवला की उजेड आणि त्वचा यांच्यातला फरकच संपतो आणि चित्रात उरते ते राखाडी पीठ. यात सौंदर्यदृष्टीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न त्या मुलीला तिच्याच घरात भिंतीवर लावलेल्या चित्रातून रोज काय सांगितले जाणार आहे याचा आहे. मराठी माणसाला ग्लॅमर छायाचित्रणाची गोडी ज्यांनी लावली त्या गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांची दिव्यांची मांडणी माझ्याहून फार मवाळ होती. तो मऊ उजेड आणि सावली न मारता चेहऱ्याला दिलेला मान, ही दोन्ही त्यांच्या कामात एकत्र नांदतात. मार्ग निराळे असतील, पण चेहरा बदलून त्याला सुंदर करायचे नाही, एवढे तरी त्या कामातून शिकण्यासारखे आहे.

राहिले कातरकाम. चौकट कुठे कापायची याविषयी जे ठोकताळे आहेत ते बहुतांशी शहाणे आहेत: मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर कापू नये, कारण अवयव तुटल्यासारखा दिसतो, दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापावे. डोक्यावरचे केस कापले तर चालतात आणि चेहरा जवळ येतो, हनुवटी कापली तर मात्र चेहऱ्याचा आधारच जातो. माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला मोकळी जागा ठेवावी, हा ठोकताळा मी सावलीच्या छायाचित्रात पुष्कळदा मोडते. नजरेपुढची जागा कमी करून पाठीमागचा काळोख मोठा ठेवला की चित्रात एक अस्वस्थता येते, माणूस कोणाची तरी वाट बघतो आहे किंवा कोणाला तरी नाकारतो आहे असे वाटते. पण ही अस्वस्थता त्या माणसाच्या मुद्रेत आधी असली पाहिजे. हसऱ्या चेहऱ्यावर ती लादली तर नुसती चुकलेली चौकट दिसते.

कापण्याची किंमतही असते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात उभ्या चित्राला ४००० बाय ६००० बिंदू मिळतात. पूर्ण चौकट १२ बाय १८ इंचांवर छापली तर इंचाला ३३३ बिंदू पडतात, म्हणजे उत्तम. चारास पाच या प्रमाणात कापले तर ४००० बाय ५००० उरतात, एक षष्ठांश भाग जातो, आणि हे प्रमाण हरेलच्या आठ बाय दहाच्या निगेटिव्हचे आहे तसेच आज मोबाइलवर सर्रास दिसणाऱ्या उभ्या चित्रांचेही आहे. पण नुसता चेहरा आणि हात घेण्यासाठी चौकट दोन्ही बाजूंनी निम्मी केली की एक चतुर्थांशच बिंदू हाती राहतात. म्हणून घट्ट चौकट हवी असेल तर ती जागेवरच, जवळ जाऊन घ्यावी. नंतर कापू म्हणून लांबून काढत राहू नये.

मॅडमच्या निवडलेल्या चित्राच्या मी दोन चौकटी केल्या. पहिलीत वरचे थोडे केस कापले होते, डावीकडचे दार पूर्ण गेले होते, आणि काळ्यात चंद्रकोर, एक उजळ गाल, ठुशी आणि तो हात एवढेच होते. माझ्या दृष्टीने चित्र तेच होते. दुसरी पूर्ण चौकट होती: तिच्यात दाराची चौकट, ओसरीचा सागवानी खांब आणि कडीपाटाची एक कडा येत होती, त्यामुळे नजर जरा विखुरत होती. मॅडमनी दोन्ही बराच वेळ पाहिली आणि दुसरी उचलली. ‘पहिलीत मी छान दिसते,’ त्या म्हणाल्या, ‘पण हा खांब माझ्या आजोळचा आहे. तो नसला तर मी इथे कशाला आले?’ मला पहिलीच अधिक चांगली वाटते, हे मी त्यांना सांगितले; त्यांनी ते ऐकून घेतले आणि आपले मत बदलले नाही. खांब नजरेला कमीत कमी ओढेल इतका गडद करून मी त्यांची चौकट १२ बाय १८ ला छापली, आणि त्यांची परवानगी घेऊन माझ्याकडे ठेवण्यासाठी घट्ट चौकट ८ बाय १० ला. दोन्ही मॅट कागदावर काढली. चकचकीत कागदावर काळा रंग अधिक गडद उतरतो खरा, पण भिंतीवर लावल्यावर त्या काळ्यात समोरची ट्यूबलाइट दिसत राहते.